दर केमोला उंची-वजन कशाला?

गडहिंग्लज, राधानगरीकडून केमोसाठी कोल्हापूरला आलेल्या पेशंटबरोबरची माणसं हमखास विचारतात, "मागच्या खेपेला वजन केलंय की, आता परत कशाला? आणि उंची काय वाढणार हाय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

केमोच्या बऱ्याच औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर, म्हणजे अंगाच्या बाहेरच्या एकूण क्षेत्रफळावर, ठरते: दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम. पृष्ठभाग उंची आणि वजनावरून काढतात. मोस्टेलर यांचं १९८७ सालचं सूत्र सोपं आहे: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि उत्तराचं वर्गमूळ. १५८ सेंमी उंचीच्या, ५२ किलोच्या बाईंचा पृष्ठभाग येतो १.५१ चौरस मीटर. स्तनाच्या कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, बहुधा चौरस मीटरला ६० मिग्रॅ देतात. त्यांना सुमारे ९० लागेल. जेवण तुटून वजन ४६ वर आलं, तर पृष्ठभाग १.४२ आणि मात्रा ८५. वजन १० टक्क्यांनी हललं की बहुतेक ठिकाणी हिशेब नव्यानं करतात.

चुका बहुतेक मोजतानाच होतात. पायात जाडजूड कापशी चप्पल, डोक्याला फेटा, कमरेला मोबाईल आणि चाव्या. हे सगळं आधी उतरवा. उंची तोंडी सांगू नका. पाच फूट दहा इंच कुणी ५.१० लिहिलं आणि पुढं ते दशांश समजून गुणलं, तर १७८ सेंमीचा माणूस १५५ चा होतो. ७० किलोच्या माणसाला यानं जवळपास ७ टक्के औषध कमी जातं. पायांना सूज किंवा पोटात पाणी असेल तर वाढलेलं वजन पाण्याचं असतं, ते आवर्जून सांगा. जाड माणसाला मात्र भीतीपोटी मात्रा कमी करायची नसते; खऱ्या वजनावरच हिशेब धरतात.

सगळी औषधं या मापानं चालत नाहीत. कार्बोप्लॅटिन किडनीच्या कामावर ठरतं. व्हिन्क्रिस्टिन पृष्ठभागावरच काढतात, पण बहुतेक ठिकाणी एका वेळी २ मिग्रॅच्या वर जात नाहीत.

लाल औषधाला आयुष्यभराचीही मर्यादा आहे, हृदयाला इजा होते म्हणून: चौरस मीटरला एकूण ४५० ते ५५० मिग्रॅ. उपचार मिरजेला, पुण्याला किंवा मुंबईला हलवणार असाल, तर प्रत्येक सायकलची, म्हणजे केमोच्या प्रत्येक खेपेची, मात्रा आणि त्या दिवशीचा पृष्ठभाग लिहिलेला कागद फाईलमध्ये असू द्या. तो नसेल, तर पुढच्या डॉक्टरांना आतापर्यंत किती गेलं ते कळत नाही.