तारणाच्या वहीतला कवी

आम्स्टरडॅम, मंगळवार. सकाळपासून पाऊस.

दुपारी उघडीप मिळाली तशी एकटीच बाहेर पडले. लेकीचा हुकूम होता, "आई, व्होंडेलपार्कातच फीर, लांब जाऊ नको." त्या बागेत मी रोज जाते. उंच चौथऱ्यावर लेखणी घेऊन बसलेल्या पुतळ्याला मनातल्या मनात 'काय हो, बसलात?' म्हणते आणि पुढे निघते. आज मात्र त्याच्या नोकरीची जागा बघायचीच होती. सरळ ट्राम पकडली.

योस्ट व्हान डेन व्होंडेल. डच भाषेतला सगळ्यांत मोठा कवी आणि नाटककार म्हणतात. मला त्याची ओढ लागली ती वेगळ्याच कारणानं. वयाच्या सत्तराव्या वर्षी, 1658 साली, तो शहराच्या तारण-पेढीत कारकून म्हणून लागला. वर्षाला 650 गिल्डर पगार. दहा वर्षं तो गहाणवटीच्या नोंदी करत बसला. मी वेंगुर्ल्याच्या पतसंस्थेत बत्तीस वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर काढली. हे काम काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

त्याचं मूळ घराणं अँटवर्पचं, धर्मापायी परागंदा झालेलं. जन्म कोलोनचा, 1587 चा. आम्स्टरडॅमला येऊन वडिलांनी मोज्यांचं दुकान घातलं, पुढे तेच यानं चालवलं. दुकानदारी करता करता नाटकं लिहिली, आणि तीही गप्प बसणारी नव्हेत. वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्टचा शिरच्छेद झाला, त्यावर ग्रीक कथेचा बुरखा घालून 1625 मध्ये नाटक छापलं. 300 गिल्डर दंड बसला. 1654 चं 'लुसिफर' दोन प्रयोगांत बंद पाडलं. नव्या नाट्यगृहाच्या उद्घाटनासाठी लिहिलेलं 'खेइसब्रेख्त'ही चर्चच्या कुरकुरीमुळे लांबलं आणि 3 जानेवारी 1638 ला रंगमंचावर आलं. मग मात्र 1968 पर्यंत नववर्षाला त्याचा प्रयोग ही या शहराची रीतच होऊन गेली. (त्या नावातला 'ख' घशातून काढायचा असतो. जावई हसतो.)

मला मात्र त्याची लेक आठवत राहते. सार्त्ये, 1633 मध्ये गेली, आठेक वर्षांची. तिच्यावरच्या कवितेत तो रडण्याआधी तिचे खेळ सांगतो: गल्लीतून पळवलेलं खुळखुळणारं चाक, बाहुली, आणि हस्तिदंती चेंडू उडवून तो खाली यायच्या आत हाडांचे तुकडे उचलायचा खेळ. म्हणजे आमचे सागरगोटेच की! लेक वाचून मराठीत सांगत होती, तिथं मी तिला थांबवलं.

पुढे थोरल्या मुलानं दुकान बुडवलं. बापानं देणी फेडली आणि साठवलेलं सगळं त्यात गेलं. मुलाला पूर्वेकडच्या वसाहतींना धाडलं, तो वाटेतच वारला. त्याच काळात डचांची वखार आमच्या वेंगुर्ल्याला होती. तिच्या पडक्या भिंती बघत मी वाढले. या घरातला एक मुलगा याच समुद्राच्या दिशेनं निघून पोचलाच नाही, हे मला साठीनंतर कळलं.

पेढी 1614 सालची, कालव्याकाठी, अजून चालू आहे. इथले लोक तिला 'यानकाका' म्हणतात. दारावरच्या ओळींचा मतलब असा: पैसाही नाही आणि वस्तूही नाही, तर हे दार सोडून पुढे जा, वस्तू आहे, पैसा नाही, तर माझ्याकडे ये. ओळी व्होंडेलच्या नव्हेत, नंतरच्या शतकातल्या आहेत. पण टेबलामागे बसलेल्याला त्या खऱ्याच वाटतील. मंगळसूत्राची वाटी तराजूत टाकताना समोरची बाई दुसरीकडे बघते. अशा वेळी आपणही वहीतच बघायचं असतं. व्होंडेल कुठं बघत असेल? वहीत खालमानेनं यमक जुळवत असेल की काय? त्याच दहा वर्षांत त्यानं 'येफ्ता' आणि आदामाच्या हद्दपारीचं नाटक लिहिलं. 91 वर्षं जगला. पुढे पाच गिल्डरच्या नोटेवर चेहरा त्याचाच आला.

आत जाऊन त्याचं टेबल कुठं होतं ते विचारणार होते. पण तेवढ्यात एक म्हातारी बाहेर आली, पावतीच्या चार घड्या करून पर्समध्ये सारत. मी वाट सोडली आणि कालव्याकडे बघत उभी राहिले.