पाच सेंटांचं तिकीट, एक डॉलरचा दंड

अमेरिकेतल्या ट्रामचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: जनरल मोटर्सने ट्राम कंपन्या विकत घेतल्या, रूळ उखडले आणि त्याबद्दल कोर्टाने शिक्षाही ठोठावली. शिक्षा झाली, हे खरं. पण कशाबद्दल, ते सहसा कुणी बघत नाही.

१९४९ साली शिकागोच्या फेडरल कोर्टात आरोप दोन होते. शहरांतली वाहतूकच ताब्यात घेऊन मक्तेदारी करण्याचा कट, हा पहिला. त्यातून सगळे सुटले. दुसरा आरोप, ‘नॅशनल सिटी लाइन्स’ या शहरोशहरी वाहतूक चालवणाऱ्या कंपनीच्या सेवांना बस, टायर आणि इंधन विकण्याची मक्तेदारी करण्याचा कट. त्यात दोषी ठरले. दंड कंपन्यांना प्रत्येकी ५००० डॉलर आणि अधिकाऱ्यांना प्रत्येकी १ डॉलर. (हो, एक.) १९५१ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला.

खरी मेख पुरवठ्याच्या करारांत आहे. नॅशनल सिटी लाइन्सला ठिकठिकाणच्या खंगलेल्या ट्राम कंपन्या घ्यायच्या होत्या, पण भांडवल उभं राहत नव्हतं. तेव्हा माल विकणारेच पैसे घेऊन पुढे आले: बसवाले जनरल मोटर्स आणि मॅक, टायरवाले फायरस्टोन, इंधनवाले फिलिप्स पेट्रोलियम आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया. शेअर घेतले तेही बाजारभावापेक्षा चढ्या दराने. वरचे पैसे म्हणजे गिऱ्हाईक बांधून ठेवायला दिलेला विसारच. बदल्यात टायर आणि इंधन यांच्याकडूनच घ्यायचं, यांच्या संमतीशिवाय दुसऱ्याशी नवा करार करायचा नाही, आणि गॅसोलीनखेरीज (म्हणजे पेट्रोलखेरीज) दुसऱ्या कशावर चालणारी नवी गाडी घ्यायची नाही. ट्रामच्या मुळावर आलं ते हे शेवटचं कलम, कारण वीज त्यात बसतच नव्हती. १९४७ मध्ये खटला दाखल झाला तेव्हा १६ राज्यांतल्या ४५ शहरांत या गटाच्या ४६ सेवा होत्या.

मुळात या कंपन्या इतक्या स्वस्तात हाती का लागल्या? अनेक शहरांच्या परवान्यात तिकीट पाच सेंटांवर बांधलेलं होतं. १९१४ ते १९२० या काळात भाव जवळजवळ दुप्पट झाले. तिकीट वाढवायचं तर नगरपालिकेची किंवा सरकारी आयोगाची मनधरणी करा. त्यात फरसबंदीचं ओझं. ट्राम घोडे ओढत तेव्हा त्यांच्या नालांनी रस्ता उखडायचा, म्हणून रुळांमधला आणि लगतचा पट्टा कंपनीने दुरुस्त ठेवायचा, असा नियम होता. वीज आली, घोडे गेले, नियम तसाच राहिला. म्हणजे ज्या मोटारी ट्रामची वाट अडवत, त्यांच्यासाठी रस्ता ट्रामवालेच राखत होते! पुढे वीज कंपन्यांच्या मालकीवर बंधनं आणणाऱ्या १९३५ च्या होल्डिंग कंपनी कायद्यामुळे बऱ्याच वीज कंपन्यांना ट्रामचा धंदा सोडावा लागला, आणि विजेच्या नफ्यातून ट्रामचा तोटा भरून काढायची सोय संपली.

अशा कंपनीपुढे रूळ झिजले की हिशेब सरळ असे. ट्राम ठेवायची तर रस्ता खणा, स्लीपर बदला, तारा आणि ६०० व्होल्टची उपकेंद्रं सांभाळा. बसला यातलं काहीच नको, रस्ता नगरपालिकेचा. पण एकदा तांब्याच्या तारा भंगारात गेल्या आणि रुळांवर डांबर पडलं की मागे फिरायचा खर्च नवी लाइन टाकण्याइतकाच.

याच गटाने ट्राम संपवल्या म्हणून लॉस एंजेलिसचं उदाहरण दिलं जातं, तेही निम्मं चुकीचंच. तिथे ट्रामच्या दोन वेगळ्या सेवा होत्या, पिवळी आणि लाल. पिवळ्या ट्रामची कंपनी १९४५ मध्ये या गटाकडे गेली. पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्या कधीच गेल्या नाहीत. शेवटची लाल गाडी १९६१ मध्ये आणि शेवटची पिवळी १९६३ मध्ये बंद झाली तेव्हा दोन्ही सेवा सरकारी प्राधिकरणाकडे होत्या.

वाचल्या त्या बहुतेक लाइन अशा, जिथे बस घालणं अवघड होतं. सॅन फ्रान्सिस्कोत ट्विन पीक्सच्या टेकडीखालून ट्रामचा बोगदा जातो, त्यातून आजही गाड्या धावतात. बॉस्टन आणि फिलाडेल्फियातही मध्य शहरात ट्राम जमिनीखालून जाते.