पांदणीवरून गेलेलं शीड

शिट्टी मी तीनदा वाजवली. तीन लांब शिट्ट्या म्हणजे स्पिनेकर, होडीच्या पुढं फुगणारं ते मोठं शीड, खाली, ताबडतोब, का ते नंतर विचारायचं. नियम माझाच, पोरांच्या तोंडी पाठ. आणि त्या दिवशी माझ्या सगळ्यात चांगल्या पोरीनं तो पाळला नाही. दीड महिना झाला. नियम बरोबर की पोरगी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी नौदलात पंधरा वर्षं काढली, शिडाची होडी तिथंच शिकलो. आता गोसेखुर्दच्या पाण्यावर गावातल्या पोरांना शिकवतो. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ सालची, दरवाजे ३३. पाणी तुंबलं तेव्हा त्याखाली गावं गेली, वावरं गेली, मोहाची-बाभळीची झाडं उभीच्या उभी गेली. आज माझ्याकडे शिकतात त्यातली निम्मी पोरं त्या बुडालेल्या गावांतल्या ढिवरांची. डोंगा आणि जाळं त्यांना मी काय शिकवणार? पण शिडाची होडी या भागात कोणी पाहिली नव्हती.

होडी चारशेवीस जातीची, लांबी ४.२० मीटर म्हणून तसं नाव. दोघांची. एक सुकाणूवर, एक पुढं. समुद्रकाठच्या एका क्लबनं वापरून टाकलेली होडी आम्ही विकत घेतली, तळाला दोन ठिकाणी फायबरचं ठिगळ आहे. समुद्रावरचे लोक म्हणतात, तळ्यात काय, लाट नाही, भरती नाही. ज्यांनी पाण्याखालच्या बुडख्यांवरून होडी नेलेली नाही त्यांनी हे बोलू नये. समुद्राचा खडक नकाशात असतो. आमचे बुडखे कुठल्याच नकाशात नाहीत, आणि पाणी उतरेल तसे रोज थोडे वर येतात.

स्पिनेकरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठं शीड आणि पुढचं जिब ही रोजची शिडं. एकाची कड डोलकाठीला धरलेली, दुसऱ्याची पुढच्या तारेला. स्पिनेकर कशालाच धरलेलं नसतं. पातळ नायलॉनचं, फुगलं की होडीच्या नाकापुढं परकरासारखं उभं राहतं, आणि त्याला फक्त तीन कोपरे सांभाळतात. डोक्याच्या कोपऱ्याला हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी. खालच्या दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या. वाऱ्याकडच्या कोपऱ्याला एक पोल लावून तो बाहेर रेटायचा. पोलचं एक टोक डोलकाठीच्या कडीत, दुसऱ्या टोकाच्या चिमट्यात ती वाऱ्याकडची दोरी. हिचं इंग्रजी नाव गाय. पहिल्या दिवशी पोट्टे खूप हसले. मग त्यांनीच म्हण केली, ‘गाय खुंट्याला, वासरू हातात.’ गाय एकदा बांधली की बांधली, दुसऱ्या बाजूची दोरी, म्हणजे शीट, मात्र सारखी हातात खेळवायची. वासराला ढील देत राहायचं, शिडाची कड वरच्या अंगाला जराशी मुडपली की वीतभर ओढायचं, पुन्हा ढील. मी नौदलात हे तीन आठवड्यांत शिकलो. या पोरांना त्या म्हणीनं एका दुपारी कळलं.

पण खरं काम शीड वर जाण्याआधीचं. ते पिशवीत भरणं. शिडाच्या एका कडेला लाल पट्टी, दुसऱ्या कडेला हिरवी. डोक्यापासून सुरुवात करून लाल पट्टीवर हात फिरवत खालपर्यंत यायचं, मग हिरवीवर. मध्ये कुठं पीळ असेल तर तो हाताला लागतोच. मग पोट आत कोंबायचं आणि तिन्ही कोपरे पिशवीच्या तोंडाशी ठेवायचे. दोऱ्या सगळ्यांच्या बाहेरून गेल्या पाहिजेत, बाजूच्या तारा, पुढची तार, जिब, सगळ्यांच्या. एक जरी तारेच्या आतून गेली तरी शीड वर जातं आणि मध्येच आवळतं. वरून एक फुगा, खालून एक फुगा, मध्ये गाठ. आम्ही त्याला डमरू म्हणतो. फेब्रुवारीभर आमचे रोज डमरू झाले. शेवटी होडी शाळेच्या पटांगणात लिंबाखाली गाड्यावर उभी केली आणि कोरड्या जमिनीवर शंभर वेळा शीड चढवलं-उतरवलं. डमरू न करणारी पहिली ही पोरगी. सोळा वर्षांची, बाप ढिवर. तिच्या हाताला पीळ जाळ्यासारखा कळतो.

आता तो दिवस. एप्रिलचा शेवटचा आठवडा. वरून साहेब येणार होते. साहेब आले, उन्हात पाच मिनिटं थांबले आणि म्हणाले, ते रंगीत मोठं शीड लावा ना, फोटोत चांगलं दिसतं. सकाळपासून वारा सहा-सात नॉटचा, सरळ. पण दुपारी तीनला पश्चिमेला ढग उभा राहिलेला मला दिसत होता. खालून काळा, वरून फुलकोबीसारखा. एप्रिल-मेमधल्या त्या ढगाचा अर्थ विदर्भात लहान पोरालाही कळतो. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, पंधरा मिनिटं लावतो. मुक्कामाचा खर्च, जॅकेटं, मोटरबोटीचं पेट्रोल, सगळं त्यांच्या सहीवर. माझ्या जागी दुसरा कोणी असं वागला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

ती सुकाणूवर, पुढं चौदा वर्षांचा पोट्टा. शीड एका झटक्यात चढलं, पोल लागला, वासरू हातात. काठावर टाळ्या. आणि मग पाण्यावर पश्चिमेकडून काळी रेघ आली.

मी मोटरबोटीत होतो. दोनशे मीटर गेलो असेन नसेन, इंजिन गरम होऊन बंद. जलपर्णी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, आणि ते खाऊन ही वनस्पती इथं माजते. इंजिनाच्या थंड पाण्याचं भोक ती बुजवते. मी हातानं जलपर्णी उपसत होतो आणि दातांत शिट्टी धरून वाजवत होतो. तीन लांब.

होडीनं शीड पाडलं नाही. ती वाऱ्याला सरळ पाठ देऊन पळायला लागली. नाक वर, पाठीमागं पांढरा फेस, केशरी शीड पुढं ताठ. आणि जात होती ती उभ्या सुकल्या झाडांच्या दिशेनं, जिथं जायचं नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. माझ्या छातीत काय झालं ते लिहीत नाही. पोट्टा मागं सरकून तिच्याजवळ बसलेला दिसला. होडी किंचित डावीकडे वळली, मग सरळ झाली आणि झाडांच्या दोन ओळींच्या मधून दोरीवर चालल्यासारखी निघून गेली. पलीकडे जुन्या गावठाणाची टेकडी पाण्याबाहेर आहे. तिच्या आडोशाला तिनं शीड उतरवलं. शांतपणे, वाऱ्याकडच्या अंगानं, पिशवीत. पाण्याला टेकलंही नाही.

तासाभरानं आम्ही त्यांना ओढत आणलं. साहेब तोवर गेले होते. मी सगळ्यांसमोर तिला बोललो. खूप बोललो. शिट्टी ऐकू आली होती का?

“हाव जी, आली.”

“मग?”

ती काही बोलली नाही. मला वाटलं, उद्धट आहे. ते माझं तिच्याबद्दलचं सगळ्यात चुकीचं मत.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा बाप डोंगा घेऊन आला. म्हणाला, “चला सर, पाणी पाहू.” ती पुढं बसली, मी मध्ये, तो मागं वल्ह्यावर. जिथं मी शिट्टी वाजवली त्या जागी त्यानं बांबू खाली घातला. हातभर खाली ठक्क. दोन हात बाजूला, ठक्क. बाभळीचे बुडखे, धार लावल्यासारखे टोकदार. असे बारा-पंधरा ठिकाणी.

मग ती बोलली. “सर, तिथं शीड पाडलं असतं तर वाऱ्यानं पाण्यात पडलं असतं. बुडख्याले जाळं अडकते तसं अडकलं असतं. मग आम्ही पलटलो असतो, बुडख्यावर. आन् पोल काढाले पोट्टा डोलकाठीपाशी उभा राहिला असता तर नाकच पाण्यात गेलं असतं.”

एक शब्द चूक नाही. पाठीवर वीस नॉटचा वारा असेल आणि होडी आठ नॉटनं पळत असेल, तर शिडाला वारा लागतो बाराचाच. जोवर पळत आहात तोवर बाराचा. वळलात किंवा अडकलात की सगळा वीसचा अंगावर. हे मी फळ्यावर मांडून शिकवलेलं. शिट्टी वाजवताना मलाच आठवलं नाही.

“पण झाडांतून कशी गेलीस?”

“थे पांदण होय जी.”

बाप हसला नाही, मान हलवली फक्त. “आमच्या गावची पांदण, सर. इकून बैलगाडी जाये. दोन्हीकडं झाडं, मध्ये कायी नाही. माह्या बापानं तिले लहानपणी डोंग्यात बसवून दाखवली, की पांदणीत जाळं कधी फाटत नाही.” त्यानं पांदणीभर बांबू घालत नेला. कुठंच ठक्क नाही, एक पुरुष पाणी. पात म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी, ती वर घेतलेल्या चारशेवीसला दोन वीत पाणीही पुरतं. पात तिनं वर घेतली होती. मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

मी तीन हंगाम त्या पाण्यावर काढलेत. ती पांदण मला कोणी सांगितली नाही, आणि मीही कधी कोणाला विचारलं नाही की तुमचं गाव नेमकं कुठं होतं.

आता माझा पेच. नियम मोडायचा नाही, हे मी तिला पटवलं तर ती पुढच्या वेळी बुडख्यांवर शीड पाडेल. तुझ्या मनानं कर म्हटलं, तर तिच्या मागं शिकणारी बारा वर्षांची पोरं आहेत, त्यांना पांदण माहीत नाही, आणि मोकळ्या पाण्यात त्यांनी शीड तसंच ठेवलं तर मारली जातील. नौदलात हा प्रश्न नव्हता. तिथं शिट्टी वाजवणाऱ्यालाच पाणी जास्त माहीत असायचं.

तिची माफी मी मागितली, पोरांसमोरच. ती लाजून खाली बघत होती. मग विचारलं, “पुढच्या टायमाले तीन वाजल्या तर काय करू, सर?” मी म्हटलं, सांगतो.

पांदणीच्या दोन्ही अंगांना तिच्या बापानं बांबू रोवलेत, टोकाला लाल फडकी. स्पिनेकर आम्ही त्यानंतर चढवलेलं नाही. पिशवीत आहे. तिनंच भरून ठेवलंय, लाल पट्टी, मग हिरवी, तिन्ही कोपरे वर.