शार्कचा दात सोडवून आणताना

पाच कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कसाठी वन्यजीव खात्याचं ना-हरकत पत्र आणा, असं मला सांगण्यात आलं. तो राग अजून गेलेला नाही.

भाच्याने इंग्लंडहून हेक्झँकस अगासिझी या नामशेष शार्कचा दात पाठवला होता. शेपी बेटाच्या किनाऱ्यावर, लंडन क्ले या मातीच्या थरांत असे दात सापडतात. आधार, केवायसी घरबसल्या झालं. मग ट्रॅकिंगवर 'होल्ड' आलं, ते हलेचना.

भाच्याने फॉर्मवर 'जीवाश्म' स्पष्ट लिहिलं होतं. कुरिअरवाल्यांनी लेबलवर नुसतं 'शार्क टूथ' छापलं. मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोला किती खेटे घातले! काउंटरवरच्या मुलाचं एकच पालुपद, "मॅडम, शार्क प्रोटेक्टेड असतो." काही असतातच. व्हेल शार्क २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्यात आहे, आणि ते योग्यच आहे. पण हा प्राणी वाचवायला उरलेलाच नाही, हे कुणी ऐकून घेईना. कुरिअरवाले म्हणत कस्टमला विचारा, कस्टममध्ये सांगत कुरिअरतर्फे या. कस्टमच्या दरपत्रकात ९७०५ २२ या एकाच नोंदीत नामशेष आणि धोक्यातल्या प्रजाती एकत्र आहेत. गोंधळ त्यातूनही वाढला असावा.

शेवटी भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी लेटरहेडवर लिहून दिलं: शास्त्रीय नाव, इओसीन काळ, सापडल्याचं ठिकाण, आणि हा खनिजं मुरून काळा पडलेला जीवाश्म आहे. सोबत आजच्या सिक्सगिल शार्कच्या पांढऱ्या दाताचा फोटो जोडला. पार्सल सुटलं. असं पत्र पार्सल निघण्याआधीच घ्या, आणि लेबल चिकटवल्यावर त्याचा फोटो मागवा.

हो, 'गिफ्ट' लिहून ड्युटी वाचत नाही. २०१९च्या डिसेंबरपासून ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच आहे.

दात आहे जेमतेम दीड सेंटिमीटरचा, पण काय देखणा! करवतीसारखी एका मुळावर ओळीने तिरपी टोकं, पहिलं मोठं, पुढची लहान होत गेलेली. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही, म्हणून हाती लागतात ते बहुतेक दातच. याचा आजचा भाऊबंद सिक्सगिल हजार मीटरच्याही खाली वावरतो.

लंडन क्लेमधल्या जीवाश्मांत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असू शकतं आणि दमट हवेत ते भुगा होतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवाबंद डबी आणि सिलिका जेल लागणारच. पुडी ओलावली की लगेच बदला.