रिपोर्टमधला तो पी१६

गेल्या वर्षी जावेनं लई आग्रह केला म्हणून तिच्यासोबत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला गेले, मला त्रास काहीच नव्हता, पण एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसची टेस्ट पॉझिटिव्ह आली, १६ नंबरचा प्रकार. मग कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघणं. डॉक्टरबाईंनी व्हिनेगरसारखं पातळ औषध लावलं आणि मिनिटभरात स्क्रीनवर पिशवीच्या तोंडाशी पांढरा चट्टा उमटला, तांदळाच्या दाण्याएवढा. तिथलाच तुकडा बायोप्सीला गेला. लॅबवाल्यांनी आठवडा सांगून अठरा दिवस लावले, त्या अठरा दिवसांचं काय सांगू. रिपोर्टात लिहिलेलं, सीआयएन २, म्हणजे कॅन्सरच्या आधीचे मध्यम बदल, आणि पी१६ नावाचं प्रोटीन पॉझिटिव्ह. परत पॉझिटिव्ह बघून मी तिथंच जिन्यावर बसले.

भाची एमएस्सी बायोटेकला आहे, तिनं रात्री ओट्यापाशी बसून समजावलं. बाळ पोटात असताना कुठं मान, कुठं कंबर हे ठरवणारे होक्स जीन असतात, काम झालं की त्यातले बरेचसे कुलूपबंद होतात. हा व्हायरस ई७ नावाचं प्रोटीन बनवतो, त्यानं पेशीतलं एक एन्झाइम वाढतं आणि ते ही कुलपं काढत सुटतं, मग नको त्या वयात, नको त्या जागी ते जीन चालू होतात आणि कॅन्सरला त्याचाही हातभार लागत असावा असं संशोधक म्हणतात. शिवाय ई७ पेशीचा ब्रेकच निकामी करतं, ते वेगळंच. पी१६ चा जीनही तसल्याच कुलपात असतो, तो उघडला म्हणून रिपोर्टात दिसला. "मावशी, हा कॅन्सर नाही, व्हायरस आत कामाला लागल्याची खूण आहे," म्हणली. तेव्हा कुठं मी जेवले.

मग लीप केलं. जागेवरच भुलीचं इंजेक्शन, तारेच्या कडीत करंट सोडून तो भाग काढला, थोडा जळका वास आला, संध्याकाळी घरी. डॉक्टरबाई म्हणल्या, आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलनं टाटाच्या लोकांसोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास केलेला, २००९ साली निकाल आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आपल्या भागातल्या बायकांमुळं हे जगाला कळलं, हे ऐकून डोळ्यात पाणीच आलं.

सहा महिन्यांनी परत टेस्ट केली, निगेटिव्ह. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलंय. धाकटी बहीण ३८ ची आहे, नको नको म्हणत होती, सोमवारी तिला घेऊन जातेय.