देव आधी, मग चुली

"तुझ्या गावचा देव कुठला गं?" आत्यानं वाचता वाचताच मला थांबवलं.

माझ्या विज्ञानकथेचं पहिलं पान होतं. भीमेकाठचं काल्पनिक गाव, साल २१४०, पाण्यावर तरंगणारी शेतं. शेतांचं तिला काहीच नवल नाही. तिला वेस हवी होती, पार हवा होता, मसणवट्याची वाट हवी होती.

तिचं माहेर उजनी धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होडीनं बघायला जातात. याहून अद्भुत मी काय रचणार?

"गाव उठलं तेव्हा आधी देव हलवला, मग चुली," ती म्हणाली.

उद्याचं गाव रचताना आपल्याला यंत्रं आधी सुचतात. तुमचं गाव उठलं, तर लोक आधी काय उचलतील?