खूण एकच, पुसणारे दोघे

सकाळी बॅकअपचा अहवाल उघडला तर आठांपैकी पाच मशीन हिरवी, तीन लाल. लाल तिन्ही विंडोज एक्सपी या जुन्या सिस्टिमवरची, हिरवी पाचही विंडोज ७ वरची. बिघाड इतका सरळ ओळीत उभा राहिला की मला बरंच वाटलं. असं भाग्य वर्षातून एखाद्याच दिवशी लाभतं.

अजून एक्सपी कशाला, हा प्रश्न मला सगळे विचारतात. एक्सपीला जोडलेलं मोजमापाचं यंत्र ठणठणीत आहे. त्याचं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्येच बसतं आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कुणी लिहिलाच नाही. कॉम्प्युटर जुना झाला म्हणून चांगलं यंत्र भंगारात घालायचं नाही, हे मलाही पटतं. फक्त असं म्हणणाऱ्यांनी त्याच दमात ‘आणि नेटवर्कलाही जोडून द्या’ म्हणू नये.

पिंग लागत होतं, म्हणजे एक्सपीने हाक मारली की बॅकअप साठवणारा डबा ओ देत होता. पण ‘नेट यूज’ ही त्याचा फोल्डर जोडायची आज्ञा दिली की सिस्टिम एरर ६४: नेटवर्कवरचं हे नाव आता उपलब्ध नाही. हा संदेश वाचून माणूस हमखास केबलच्या मागे लागतो. मी पोहोचेपर्यंत आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने दोन केबली बदलून झाल्या होत्या. मी त्या स्टोरेजच्या डब्याचा लॉग उघडला. रात्री डब्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, आपोआप अपडेट झालं होतं आणि किमान प्रोटोकॉल एसएमबी २ वर गेला होता. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची भाषा. एसएमबी २ आलं व्हिस्टाबरोबर. एक्सपीला एसएमबी १ सोडून दुसरी भाषाच येत नाही.

‘मग एक टिक करा ना, एसएमबी १ चालू होईल,’ असा सल्ला वरून आला. टिक खरंच एकच होती. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं ते एसएमबी १ मधल्याच भोकातून. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला त्यासाठी तेव्हा खास पॅच काढावा लागला. आठही मशीनचे बॅकअप ज्या डब्यात आहेत, त्याच डब्याचं ते दार मी उघडणार नव्हतो.

त्याऐवजी जे केलं त्याचा मला अजून अभिमान आहे. एक जुना पीसी घेतला, त्यात दोन नेटवर्क कार्डं घातली आणि लिनक्स टाकलं. एका कार्डावर वेगळ्या स्विचने फक्त तीन एक्सपी, दुसऱ्यावर बाकीचं जग. हा पीसी एक्सपीचे फोल्डर एसएमबी १ ने, फक्त वाचण्यापुरते जोडून घेतो आणि डब्याकडे एसएमबी ३ ने पाठवतो. एक्सपीने ढकलायचं नाही, मधल्याने ओढायचं. त्यामुळे डब्याचा पासवर्ड एक्सपीवर ठेवावाच लागत नाही. एक तास मात्र फुकट गेला. पासवर्ड बरोबर, तरी ‘ॲक्सेस डिनाइड’. एक्सपीत ‘सिंपल फाइल शेअरिंग’ चालू असलं की नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण पाहुणा ठरतो, मग पासवर्ड कोणताही द्या. ती टिक काढली आणि फाइली वाहू लागल्या.

इथेच थांबलो असतो. पण नवी पद्धत खरोखर सगळं आणते का, हे पाहण्यासाठी जुन्या बॅकअपशी ताडून बघायचं ठरवलं. दुसऱ्या एक्सपीवर एनटीबॅकअपची (एक्सपीतला बॅकअपचा प्रोग्रॅम) साखळी रिस्टोअर केली: शेवटचा पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे रोजचे इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्या फाइलींचे. मोजमापाच्या फाइली पूर्ण बॅकअपच्या तारखेपाशी संपत होत्या. पुढचे अकरा आठवडे कोरे.

लॉग रोज ‘पूर्ण झालं’ म्हणत होता, आणि ते खोटं नव्हतं. बॅकअपची बीकेएफ फाइलही रोज काहीशे एमबीची असायची. कारण प्रत्येक बॅकअपमध्ये सिस्टिम स्टेट, म्हणजे विंडोजची स्वतःची मांडणी, जात होती, आणि एवढं वजन तिचं एकटीचंच. मी आकार बघून समाधान मानत होतो. फाइलींची संख्या त्याच्या शेजारच्याच ओळीत असायची.

फाइलींवरच्या खुणा दाखवणारी ‘अट्रिब’ ही आज्ञा चालवली. प्रत्येक फाइलला आर्काइव्ह बिट नावाची एक खूण असते. फाइल लिहिली की खूण लागते, इन्क्रिमेंटल बॅकअप खूण असलेल्याच फाइली उचलतो आणि खूण पुसतो. काल रात्रीचा बॅकअप तर पडला होता, म्हणजे कालच्या फाइलींवर खूण असायलाच हवी होती. नव्हती. बॅकअप पडला नसता तर हे दिसलंच नसतं, कारण मग पुसलेली खूणच बरोबर वाटली असती.

यंत्र चालवणाऱ्या काकांना विचारलं, ‘संध्याकाळी इथे काही चालवता का?’

‘आपली एक फाइल आहे ना,’ म्हणत त्यांनी डेस्कटॉपवरचं चिन्ह दाखवलं. आत एकच ओळ: एक्सकॉपी ही फाइली कॉपी करायची आज्ञा, आणि त्याला ‘/एम’. खूण असलेल्या फाइली उचल, खूण पूस. शिफ्ट संपताना रोज. माझा बॅकअप रात्री अकराला यायचा तेव्हा ताट पुसून ठेवलेलं असायचं. कॉपी जात होती डी ड्राइव्हवर, म्हणजे त्याच जुन्या आयडीई डिस्कच्या दुसऱ्या भागात. अकरा आठवड्यांचं काम एका चकतीवर दोनदा लिहिलेलं होतं, बस.

मी चिडलो होतो. ‘हे कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘कुणी नाही साहेब. मागे एक फाइल उडाली तेव्हा तुमच्याकडून परत यायला तीन दिवस लागले. मग भाच्याकडून ही लिहून घेतली. तेवढी चुकते का काही?’

काय बोलणार? ते तीन दिवस मला आठवत होते. पूर्ण बॅकअप दर आठवड्याला चालला असता तर हे भोक सात दिवसांच्या वर गेलंच नसतं. पण पूर्ण बॅकअप चालताना यंत्राचं सॉफ्टवेअर अडकतं म्हणून तो तीन महिन्यांवर नेला तो मीच. त्यात भाच्याचा काय दोष?

काकांनी विचारलं, ‘मग काढून टाकू का ती फाइल?’

नको म्हणालो. ‘/एम’ खोडून ‘/डी’ लिहिलं. ते तारीख बघून नवीन तेवढंच नेतं, खुणेला हात लावत नाही. कॉपी डी ड्राइव्हऐवजी बाहेरच्या डिस्कवर वळवली. काकांनी एकदा चालवून पाहिली, आणि मग ती डिस्क उघडून सगळ्या फाइली आल्यात का ते एक एक करून मोजायला बसले.